पेनसिल्व्हेनियाचे जाणकार

रविवार, १९ जानेवारी २०२५. दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये खो-खोच्या पहिल्यावहिल्या विश्वचषकाच्या दोन्ही अंतिम लढती होत्या. भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं लोळवलं, मुलांनी ५४-३६ असं. मुलींची कर्णधार प्रियंका इंगळे, मुलांचा कर्णधार प्रतीक वाईकर. दोघंही पुण्याचे. एका खेळाचे दोन विश्वचषक एकाच दिवशी दोन पुणेकरांच्या हातात. असा योग या शहराच्या वाट्याला पुन्हा कधी येईल, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी रात्री साडेदहाला, पुणं टक्क जागं होतं. वॉशिंग्टनमध्ये कडाक्याची थंडी, म्हणून शपथविधी कॅपिटॉलच्या घुमटाखाली आत घेतला होता. ट्रम्प दुसऱ्यांदा शपथ घेत होते आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर संदेशांचा पाऊस पडत होता. कोण पुढच्या रांगेत, कोण मागच्या. बड्या कंपन्यांचे मालक भावी मंत्र्यांच्याही पुढे कसे काय बसले. बायडेन यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती न सुरकुती. मी तोच ग्रुप वर सरकवत आदल्या दिवसापर्यंत गेलो. खो-खोवर एकच संदेश सापडला. तिरंग्याची तीन चित्रं, दोन टाळ्या. खाली कुणीतरी विचारलं होतं, ‘ही इंगळे आपल्या इथली का?’ उत्तर द्यायची तसदी कुणी घेतली नव्हती.

माझी तक्रार याच दोन दिवसांबद्दल आहे. अमेरिकेबद्दल नाही, ट्रम्पबद्दल तर मुळीच नाही. त्यांना शिव्या घालायला आणि आरत्या ओवाळायला पुण्यात माणसं पुरेशी आहेत. कल्याणीनगरला त्यांच्या नावाचे दोन टॉवर उभे आहेत, तेही पुरेसे आहेत.

कुठल्याही बागेत सकाळी सातला जा. हास्यक्लब संपला की बाकांवर अमेरिकेचं परराष्ट्र खातं भरतं. पेनसिल्व्हेनियाला इलेक्टर किती, तर १९, हे तिथे न अडखळता सांगतात. सिनेटमध्ये साठ मतांशिवाय विधेयक का अडतं, हे समजावून देतात. २०२५ मध्ये टेक्सासने दशकाच्या मध्येच मतदारसंघांच्या सीमा हव्या तशा आखून घेतल्या, त्यावर एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी मला उभ्या उभ्या व्याख्यान दिलं. लोकशाहीची हत्या, वगैरे. व्याख्यान उत्तम होतं. मी ऐकून घेतलं आणि विचारलं, “काका, आपला प्रभाग कितवा?”

“अहो, ते सारखं बदलतात हो,” काका म्हणाले, “कोण लक्षात ठेवणार?”

काका, तेच तर! टेक्सासने एकदा बदललं तर तुमचा रक्तदाब वाढला. तुमच्या पुण्यात आधीच्या सरकारने तीन-तीन नगरसेवकांचे प्रभाग आखले, सरकार पडल्यावर ते पुसून पुन्हा चार-चारांचे झाले, आणि या आखापुशीत निवडणूकच गायब झाली. महापालिकेची मुदत १४ मार्च २०२२ ला संपली. पुढची निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळजवळ चार वर्षं या शहराला एकही नगरसेवक नव्हता. प्रशासक होते. अंदाजपत्रकं प्रशासकांनी मांडली, प्रशासकांनीच मंजूर केली. मतदारसंघांच्या सीमांशी खेळून सत्ताधारी काय साधतात, याचा जिवंत नमुना बाकापासून दोन किलोमीटरवर, महापालिकेच्या इमारतीत, रोज बघायला मिळत होता. त्यासाठी टेक्सासला जायची गरज नव्हती.

खासदाराचीही तीच कथा. गिरीश बापट २९ मार्च २०२३ ला गेले. पोटनिवडणूक झालीच नाही. एका पुणेकराने उच्च न्यायालयात धाव घेतली, न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये निवडणूक घ्या म्हणून फटकारलं, आणि महिन्याभरात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. जून २०२४ मध्ये नवे खासदार येईपर्यंत चौदा महिने पुण्याची लोकसभेतली खुर्ची रिकामी होती. त्या चौदा महिन्यांत तिकडे अमेरिकी प्रतिनिधीगृहाला तीन आठवडे सभापती नव्हता, मॅकार्थींना त्यांच्याच पक्षातल्या काहींनी खाली खेचलं होतं. त्याची चर्चा मी बागेत, बँकेत, सलूनमध्ये आणि एका बाराव्याला ऐकली. आपल्या रिकाम्या खुर्चीची चर्चा ऐकली ती फक्त त्या याचिकेपुरती, आणि तीही वर्तमानपत्रात.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेत यांची मुलं आहेत, नातवंडं आहेत, चिंता वाटणारच. मान्य. अगदी मनापासून मान्य. ट्रम्प यांनी पहिल्याच दिवशी जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाच्या आदेशावर सही केली, तेव्हा डिंकाचे लाडू बांधून लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या कितीतरी आज्यांच्या पोटात गोळा आला. १९ सप्टेंबर २०२५ ला एच-वन-बी व्हिसावर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं, त्या शनिवार-रविवारी सुट्टीवर घरी आलेली मुलं गौरी-गणपतीचा उरलेला फराळ तसाच टाकून विमानतळाकडे धावली. त्याआधी ऑगस्टमध्येच भारतीय मालावरचा आयातकर ५० टक्क्यांवर गेला होता. हे सगळं आपल्या ताटात पडतं. तेव्हा वॉशिंग्टनकडे डोळे लावू नका, असं मी म्हणणार नाही. लावा. एक डोळा तिकडे लावा. मला राग आहे तो दुसऱ्या डोळ्याचा. तो मिटलेला आहे.

आणि दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात, हे मी हवेत बोलत नाही. आयर्लंडकडे बघा. लोकसंख्या सारी पन्नास-पंचावन्न लाख, म्हणजे आपल्या एका महानगराएवढी. तिथल्या माणसाचं अमेरिकेचं वेड आपल्यापेक्षा दीडशे वर्षं जुनं. दुष्काळात गाव सोडून गेलेल्यांची पोरं तिथे आमदार झाली, महापौर झाली, केनेडी झाली. आज तीन कोटींच्या आसपास अमेरिकी स्वतःला आयरिश वंशाचे म्हणवतात. मनीगॉल नावाच्या खेड्यात ओबामांचा एक पूर्वज निघाला, ओबामा २०११ मध्ये तिथे जाऊन बिअर पिऊन आले, तर त्या गावाजवळ महामार्गावरच्या पेट्रोलपंपासकटच्या थांब्याला त्यांचं नाव दिलं. ट्रम्प यांचं क्लेअर परगण्यात गोल्फचं रिसॉर्ट आहे, त्यावरून गावात तट आहेत. सेंट पॅट्रिकच्या सणाला त्यांचा पंतप्रधान दरवर्षी व्हाइट हाउसमध्ये हिरव्या पानांचं भांडं घेऊन जातो. पबमध्ये ट्रम्पवरून रात्री एकापर्यंत भांडण चालतं, हेही खरं.

पण तोच माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी पॅरिशच्या मैदानावर असतो. गेलिक फुटबॉल बघायला, नाहीतर रेषेवर झेंडा घेऊन, नाहीतर पोरांची किटं गोळा करायला. गेलिक ॲथलेटिक असोसिएशन ही त्यांची संघटना १८८४ ची. थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात मूठभर माणसं जमली आणि इंग्रजांचे खेळ आमच्या डोक्यावर बसलेत, आमचे आम्ही उभे करू, असं ठरवलं. आज छोट्याशा बेटावर दोन हजारांहून जास्त क्लब आहेत. डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये ८२ हजार माणसं बसतात आणि अंतिम सामन्याला ते भरतं. खेळणाऱ्याला मानधन शून्य. लिलाव नाही. रविवारी ८२ हजारांसमोर गोल मारणारा सोमवारी शाळेत गणित शिकवायला हजर असतो. ज्या परगण्याचा, त्याच परगण्याकडून खेळायचं. मेयो परगण्याने १९५१ नंतर एकदाही आयर्लंडचं विजेतेपद जिंकलेलं नाही, तरी संघ अंतिम फेरीत गेला की अर्धं मेयो डब्लिनला लोटतं आणि रडत परत येतं. बायडेन यांचे काही पूर्वज याच मेयोतले. एप्रिल २०२३ मध्ये ते अध्यक्ष म्हणून बॅलिनाला आले, तेव्हा त्यांनाही भर सभेत मेयोच्या संघाचा जयघोष करावा लागला. म्हणजे बघा, आयरिश माणसाने अमेरिकेच्या अध्यक्षाला आपल्या गल्लीतल्या खेळात ओढलं. आपण गल्ली सोडून अध्यक्षाच्या मागे धावतो आहोत.

त्या संघटनेचं सगळंच गोड होतं, असं नाही. परकी खेळ खेळणाऱ्याला, नुसते बघणाऱ्यालाही तिथे बंदी होती. १९३८ मध्ये देशाचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड यांनी साध्या फुटबॉलचा आंतरराष्ट्रीय सामना बघितला, तर संघटनेने त्यांना आश्रयदातेपदावरून काढून टाकलं. ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. असला कर्मठपणा मला नको. मुलांनी क्रिकेट खेळावं, टेनिस खेळावं, काय वाटेल ते खेळावं. मला फक्त एवढंच विचारायचं आहे, की राष्ट्राध्यक्षाला घरी बसवण्याइतकं ज्यांना स्वतःच्या खेळाचं वाटतं, ते लोक आणि ‘ही इंगळे आपल्या इथली का’ विचारणारे आपण, यांत परकं कोण?

आणि कुणी असंही समजू नये, की आयर्लंडचं हे उदाहरण मी कुठून तरी लांबून आणलं. पुण्याने एकदा ते पाठ केलं होतं. ‘होमरूल’ आपण आयरिश लोकांकडून घेतलं. टिळकांनी होमरूल लीग काढली ती बेळगावात, २८ एप्रिल १९१६ ला. त्याच आठवड्यात डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव पेटलेला होता. आणि अमेरिका? जानेवारी १९१९ मध्ये टिळक लंडनमध्ये होते. पॅरिसची शांतता परिषद भरत होती. टिळकांनी थेट अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना पत्र धाडलं: तुम्ही स्वयंनिर्णयाच्या गोष्टी करता, मग हिंदुस्थानचं काय ते बोला. विल्सन यांच्या चिटणिसाची पोच आली, की योग्य वेळी योग्य अधिकारी विचार करतील. सरकारी उत्तर. पण लक्षात घ्या, अमेरिकेच्या अध्यक्षाबद्दल पुण्याच्या त्या माणसालाही मत होतं आणि त्या मताच्या शेवटी एक मागणी होती, एक पाकीट होतं, एक पत्ता होता. अमेरिकेबद्दल बोलायचं तर असं बोलायचं. आपण काय करतो? कुणीतरी पुढे ढकललेला व्हिडिओ आणखी पुढे ढकलतो.

हेच टिळक तरुणपणी कॉलेजचं एक वर्ष तालमीत घालवून आले होते, हे पुण्यातल्या शाळकरी पोराला सांगावं लागत नाही. त्यांच्याच हयातीत, १९०६ मध्ये, या गावात डेक्कन जिमखाना निघाला. गोऱ्यांच्या जिमखान्यात आपल्याला पायरीवर उभं करतात, तेव्हा आपला काढू, ही त्यामागची भावना. १९१४ च्या सुमारास याच जिमखान्याने खो-खोचे नियम बांधायला घेतले. तोवर हा खेळ गावोगाव आपापल्या रीतीने खेळला जायचा. मैदान केवढं, गडी किती, खांब कुठे, बाद कधी, हे सगळं बसून ठरवलं ते पुण्यातल्या शिकल्यासवरल्या माणसांनी. पुढे बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने त्यावर हात फिरवला. १९१९ मध्ये याच डेक्कन जिमखान्याच्या क्रीडामेळाव्यात दोराबजी टाटांनी अनवाणी धावणारी पोरं पाहिली आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा संघ पाठवायची कल्पना त्यांच्या डोक्यात आली. १९२४ मध्ये कॅप्टन दामल्यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढलं. विदर्भात अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन कबड्डी दाखवून आलं. वकील, मास्तर, कारकून, कीर्तनकार यांच्या घरची पोरं सदाशिव पेठेत, शनिवार पेठेत फक्कीच्या रेघांवर गुडघे फोडत होती. खो-खो हा पेठांतल्या पांढरपेशांचा खेळ होता, हे आज सांगितलं तर त्यांच्याच नातवांना खरं वाटत नाही.

मग काय झालं? कुणी बंदी घातली नाही. कुणी कट केला नाही. घरातला मुलगा दहावीला आला, क्लास लागला. मग बारावी, मग जीआरई, मग डलस. खेळायचंच असेल तर ज्याला परदेशी विद्यापीठाच्या अर्जात किंमत आहे असं काहीतरी खेळ: टेनिस, पोहणं, बुद्धिबळ. खो-खोचा अर्जात काय उपयोग? आज त्याच घरांतली पोरं तासावर भाड्याने मिळणाऱ्या हिरव्या टर्फवर, पाठीवर मेस्सीचं नाव घालून खेळतात. पैसे आधी ऑनलाइन भरायचे, तास संपला की शिट्टी. पुढची गिऱ्हाईकं दारात.

आमच्या भागात एक मैदान अजून आहे. नाव सांगत नाही, उद्या तिथे बहुमजली पार्किंग करायची कुणाला तरी आठवण यायची. संध्याकाळी साडेपाचला तिथे पंधरा-वीस मुली येतात. आधी दगड वेचायचे, मग मागच्या लग्नाच्या मांडवाचे खड्डे पायाने माती ढकलून बुजवायचे, मग फक्की टाकायची. २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद, दोन टोकांना दोन खांब. मधल्या पाटीवर आठजणी चवड्यांवर बसतात, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. नववी धावते. समोर संरक्षणाची तुकडी तिघींची. बघत उभं राहिलं की कळतं, हा जगातला सगळ्यात कमी सामानाचा आणि सगळ्यात जास्त डोक्याचा खेळ आहे. धावणारीला मागे वळायची मुभा नाही, मधली पाटी ओलांडायची मुभा नाही. समोरची निसटतेय असं दिसलं, की तिच्या रस्त्यावर बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीवर थाप मारून खो द्यायचा आणि स्वतः खाली बसायचं. आपला पाठलाग दुसरीच्या हवाली करायचा. त्या दिवशी एक काटकुळी पोर खांबाशी आली, संरक्षण करणारी हुलकावणी देऊन खांबाआड गेली, आणि ही बया खांबाला एका हाताने लटकून अख्खी आडवी झाली. बोटाचं टोक पलीकडच्या पोरीच्या वेणीला लागलं. बाद! कोपर सोलवटलं होतं. तिने त्यावर माती लावली आणि परत जागेवर जाऊन बसली.

बघणारे किती? प्रशिक्षक सोडून मी आणि एक पाणीपुरीवाला. मैदानाला वळसा घालून चालणारे मात्र भरपूर. कानात यंत्रं. एकांना मी थांबवलं, “बघा जरा, काय खेळतायत पोरी.” त्यांनी कानातलं एक बोंडूक काढलं, मैदानाकडे नजर टाकली, “छान, छान” म्हणाले आणि मला सांगायला लागले, की ते ऐकत होते ती मालिका अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावर आहे आणि मीही ती जरूर ऐकावी.

या मुली कुणाच्या? कुणाचे वडील रिक्षा चालवतात, कुणाची आई चार घरची पोळ्याभाजी करते. त्यातली काही घरं बहुधा मैदानाला वळसा घालणाऱ्यांचीच. ज्या वर्गाने खेळाचे नियम लिहिले, त्याने खेळ टाकून दिला. ज्यांना ते नियम लिहिताना कुणी विचारलं नव्हतं, त्यांनी तो उचलला आणि त्यात जग जिंकलं. सरकारला नावं ठेवायची आपली जुनी सवय, पण इथे सरकार आपल्यापेक्षा बरं निघालं. विश्वचषक जिंकलेल्या महाराष्ट्राच्या खेळाडूंना सव्वादोन-सव्वादोन कोटी आणि नोकरी जाहीर झाली. कर्नाटकाने आपल्या दोघांना पाच-पाच लाख देऊ केले, तर त्यांनी महाराष्ट्राकडे बोट दाखवून ते नाकारले. पैसे दिले सरकारने. टाळ्या वाजवायचं काम आपलं होतं, आणि त्यात पै खर्च नव्हती.

कबड्डीचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे निदान टीव्ही आहे. पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असं हरवून प्रो कबड्डी जिंकली. कर्णधार अस्लम इनामदार आपल्या नगर जिल्ह्यातला. पकडींचा राजा शादलू इराणचा, त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतलेलं. लिलावाला नाकं मुरडणाऱ्यांतला मी नाही. वर्षानुवर्षं रेल्वेतल्या नाहीतर बँकेतल्या नोकरीच्या आशेवर मातीत लोळणाऱ्या पोरांना त्या लिलावाने पहिल्यांदा खेळाचे म्हणून पैसे दिले. पण ज्या शहराचं नाव त्या जर्सीवर आहे, त्या शहराला जिल्ह्याच्या निवड चाचणीत कोण खेळतंय याचा पत्ता नसतो. शकुंतला खटावकर, शांताराम जाधव हे अर्जुन पुरस्कार मिळवणारे कबड्डीपटू याच पुण्याचे. बाकावरच्या अमेरिकातज्ज्ञांना ही नावं विचारून बघा. नंतर कमला हॅरिस यांच्या आईचं गाव विचारा. दुसरं उत्तर आधी येईल.

आता याच जानेवारी २०२५ मधली तिसरी गोष्ट, आणि ती सगळ्यात वाईट. विश्वचषक आणि शपथविधी झाले त्याच आठवड्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात माणसांचे हातपाय लुळे पडत असल्याचं उघड झालं. आजाराचं नाव गुइलेन-बॅरे. महिना संपेपर्यंत संशयित रुग्ण शंभरावर गेले होते. काही व्हेंटिलेटरवर, काही दगावले. बोट गेलं पाण्याकडे, नांदेड गावच्या विहिरीकडे, अलीकडेच पालिकेत ओढलेल्या आणि नळयोजनेची वाट बघणाऱ्या गावांकडे. त्या गावांना त्या वेळी दाद मागायला नगरसेवक नव्हता. बागेत मात्र त्या आठवड्यात विषय होता जागतिक आरोग्य संघटनेचा: ट्रम्प यांनी पहिल्याच रात्री त्या संघटनेतून बाहेर पडायचा आदेश काढला, आता जगाच्या आरोग्याचं काय होणार! जगाचं काय झालं ते झालं. बाकावरून सिंहगड रस्ता पंधरा मिनिटांवर होता.

मला याहून चीड येते ती एका गोष्टीची. ज्या मुलांच्या काळजीने हे सगळे अमेरिकेकडे डोळे लावून बसतात, ती मुलं तिथे नेमकं उलटं वागतात. न्यू जर्सीतला तुमचा चिरंजीव शनिवारी सकाळी गावाच्या मैदानावर शेजाऱ्यांच्या पोरांना फुटबॉल शिकवतो, फुकट, गळ्यात शिट्टी अडकवून. तुम्हीच मला फोटो दाखवलात. सूनबाई शाळा मंडळाच्या सभेला जाते आणि बसच्या मार्गावरून तावातावाने बोलते. तेही कौतुकाने तुम्हीच सांगितलंत. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार डेट्रॉइटमध्ये लोकांची दारं ठोठावून निवडून आले, जानेवारी २०२३ पासून मिशिगनचे खासदार आहेत, आणि एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांच्यावर महाभियोगाची सात कलमं त्यांनीच दाखल केली. त्यांच्याच पक्षाने साथ दिली नाही, मे महिन्यात मतदानाचा आग्रह सोडावा लागला, तो भाग वेगळा. आपल्याकडे ते अजून ‘श्रीमंत कसं व्हावं’ या धर्तीवर वाचले जाणारे मराठी लेखक आहेत. त्यांचं यश आपण वाचलं. घरोघर फिरणं वाचायचं राहून गेलं.

म्हणजे मुलाने एडिसनमध्ये जे केलं की ऊर भरून येतो, तेच कोथरूडमध्ये करायचं म्हटलं की कमीपणा वाटतो. क्षेत्रसभेला जायचं? तिथे कोण येतं हो! मैदानावर उभं राहायचं? आमचं कोण खेळतंय तिथे! मत द्यायला जायचं? गेलो असतो, पण लाँग वीकेंड होता. जानेवारी २०२६ मध्ये जवळजवळ चार वर्षं रखडलेली निवडणूक आली, ४१ प्रभाग, १६५ जागा, आणि निम्म्याहून जेमतेम जास्त पुणेकर घराबाहेर पडले. उरलेले घरी बसून कुठल्या देशाच्या लोकशाहीची काळजी करत होते, ते त्यांनाच ठाऊक. माझं सरळ म्हणणं आहे: ज्याने त्या दिवशी मत दिलं नाही, त्याने माझ्यासमोर पेनसिल्व्हेनियाचं नाव काढू नये. मी उठून जाईन.

३ नोव्हेंबर २०२६ ला अमेरिकेत मध्यावधी निवडणूक आहे. पहाटेचा गजर लावा, चहा करा, सिनेटचे आकडे मोजा, मीही मोजणार आहे. त्याच्या आधी एक काम करा. तुमच्या प्रभागातून चारजण निवडून गेलेत, एका प्रभागातून पाच. त्यांची नावं शोधा, त्यातल्या एकाला तरी फोन लावा आणि विचारा, की आपल्या प्रभागात खो-खोचं मैदान कुठे आहे आणि त्यावर पुढचा मांडव कोणत्या तारखेला पडणार आहे. आणि मैदान सापडलं तर संध्याकाळी साडेपाचला जा. तिकीट नाही.